आवाजाचं पॅकेज

माझ्या जावयाला तारांगणातले लोक 'आधी बघू' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्याला ठाऊक आहे. कोणी कसलंही काम सांगितलं की त्याचं पहिलं वाक्य तेच असतं. घुमटातला दिवा बदलायचा असला तरी तो आधी शिडीचे पाय हलवून बघेल, मग दिव्याची खाच, मग खाली शिडी धरायला कोण उभं आहे ते. माझ्या मुलीशी लग्न ठरण्याआधी त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता. "रोज पाच जिने चढता येतील ना? आमच्या इमारतीला लिफ्ट नाही." तिला त्यात काहीतरी गोड वाटलं. मला तो जरा विचित्रच वाटला. आता मीही त्यांच्याकडे पाचव्या मजल्यावर राहतो, आणि तो प्रश्न त्याने मला का नाही विचारला, असं अधूनमधून मनात येतं.

दोघंही एकाच तारांगणात कामाला आहेत. तो तंत्रज्ञ, ती निवेदिका. घुमटाखालच्या अंधारात लोक मागे रेलून बसतात, तो वर आकाश उभं करतो आणि ती ते सांगते. प्रोजेक्टरच्या मागे, अर्ध्या उंचीच्या लाकडी आडोशाआड, तिचं छोटं टेबल आहे. त्यावर मान वाकवलेला दिवा आणि माइक. कागद नसतो. खेळ सुरू करण्याआधी ती दिवा विझवून काही वेळ नुसती गप्प बसते. लोकांचे डोळे अंधाराला सरावायला हवेत म्हणून, आणि तिचे कान लोकांना सरावायला हवेत म्हणूनही. खोकले, कुजबुज, खुर्च्यांची करकर यांवरून तिला कळतं की आज शाळेची मुलं आली आहेत की म्हातारी माणसं, आणि त्याप्रमाणे ती ठरवते की आधी चंद्र घ्यायचा की शनीची कडी. माझं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. एकदा छापलं की संपलं, असं आमचं काम. तेच आकाश रोज वेगळं सांगणारी मुलगी माझ्या पोटी कशी आली, याचं मला नवलच वाटतं.

तर यंदा तारांगण चालवणाऱ्या मंडळाने नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुनं फार थकलं होतं. त्यातला गुरू मध्येच ठेच लागल्यासारखा अडखळायचा. नव्यात सगळं गुळगुळीत होतं, आणि शिवाय त्याला स्वतःचा आवाज होता. बटण दाबलं की तेच आकाश दाखवणार आणि तेच बोलणार. त्यासोबत मंडळाचं एक पत्रक आलं. आवाजाची सोय कार्यान्वित झाल्यावर निवेदिकेचं पद आवश्यक राहणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मुलीने ते जेवणाच्या टेबलावर आम्हाला वाचून दाखवलं. बाकी काही नाही तरी वाचलं छान.

"म्हणजे मी गेले," ती म्हणाली.

"आधी बघू," जावई म्हणाला.

"तुम्ही काय बघणार? ते टाकणार तुम्हीच ना?"

"मी टाकणार म्हणूनच बघणार."

"अहो, सवत आणताय माझ्या डोक्यावर. निदान तिची तब्येत तरी तपासून घ्या."

"तपासणार तर. तपासल्याशिवाय मी कोणालाच आत घेत नाही."

ती हसली, पण पत्रकाची घडी घालताना कडा काही जुळेनात. "या वयात मी दुसरीकडे कुठे जाऊ, बाबा?" ती मला म्हणाली. "आकाश सांगायच्या नोकऱ्या असतात का कुठे?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

ही तपासणी म्हणजे काय, ते जावयाने मला समजावून सांगितलं होतं. मी बरोबर सांगतोय की नाही कोण जाणे. कुठलंही मोठं सॉफ्टवेअर एकट्याच्या जिवावर चालत नाही. त्याच्या हाताखाली छोटी छोटी पॅकेजं लागतात. एक चित्र काढणारं, एक वेळ सांभाळणारं, एक अक्षरं दाखवणारं. ती संगणकात आधीच असावी लागतात. म्हणून मोठं सॉफ्टवेअर टाकण्याआधी एक तपासणी चालवतात. ती एकेका पॅकेजचं नाव पुकारते. ते असलं तर नावापुढे हिरवी खूण, नसलं तर लाल फुली. एक जरी फुली आली तरी गाडी पुढे सरकत नाही.

"शाळेतल्या हजेरीसारखं," मी म्हणालो.

"अगदी तसंच, बाबा. तहान लागल्यावर विहीर खणायला नको."

दुसऱ्या दिवशी त्याने तपासणी चालवली. सगळ्या खुणा हिरव्या आल्या आणि एक फुली लाल. आवाजाच्या पॅकेजपुढे. त्याने पुरवठादाराला फोन लावला. आपल्या भाषेतला आवाज अजून तयार होतो आहे, असं तिकडून उत्तर आलं. कधी येईल? लवकरच.

त्या संध्याकाळी जावई जिने भराभर चढून आला, आणि दारात आल्यावर त्याला त्याची लाज वाटल्यासारखं दिसलं. काम अडलं याचा आनंद व्हावा, असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"तुझी सवत आलीच नाही," तो म्हणाला. "नुसतं नाव आहे, पत्ता नाही."

"मग टाकणार नाही ना?"

"कसं टाकणार? फुली आहे."

त्याच्या लेखी विषय संपला होता. तारांगणाच्या संचालकाच्या लेखी तो अजून सुरूही झाला नव्हता. संचालक तसा वाईट माणूस नव्हे. त्याला कुठल्याही गोष्टीचा शेवट फार लवकर दिसतो, एवढंच. मधलं काही दिसत नाही. उद्घाटनाची तारीख ठरली होती, मंडळाचे अध्यक्ष येणार होते, आणि संचालकाच्या डोळ्यांपुढे टाळ्या चालू होत्या.

"एका फुलीसाठी अडून बसलात?" त्याने जावयाला विचारलं.

"साहेब, ती फुली आवाजाची आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मला पोहरा नका सांगू. ती तपासणी नेमकं काय तपासते?"

जावयाला खोटं बोलता येत नाही, तिथेच तो फसला. "नाव आणि आवृत्तीचा आकडा," तो म्हणाला.

"आत काय आहे, ते?"

"ते नाही बघत. नाव आहे म्हणजे माल असणारच, असं धरून चालते."

"मग द्या की तिला नाव!"

जावई म्हणाला, "तसं करतात, साहेब. रिकामं पॅकेज बनवतात, नुसत्या नावाचं. पण ते केव्हा? तीच सोय दुसऱ्या कुठल्या मार्गाने आधीच असेल, तेव्हा."

"आहे ना दुसरा मार्ग! बाई आहेत. उद्घाटनाला बाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा. आवाज येण्याशी मतलब. तुमच्या नियमात बसतं की नाही?"

बसत होतं, हीच तर पंचाईत. दुसरा कोणी असता तर त्याला यात लबाडी दिसली असती. माझ्या जावयाला नियम दिसला. गरज आवाजाची, आवाज हजर आहे, तेव्हा नावापुरतं पॅकेज चालेल. घरी येऊन त्याने मला हे दोनदा समजावलं, आणि दोन्ही वेळा मला पटलं. त्याने आवाजाच्या पॅकेजच्या नावाचं एक रिकामं पॅकेज बनवलं. वर्णनाच्या जागी स्वच्छ लिहिलं, 'यात काहीही नाही. आवाज निवेदिका देतात.' मग तपासणी पुन्हा चालवली. सगळं हिरवंगार. संचालकाने हिरव्या पडद्याचा फोटो काढून मंडळाला पाठवला. वर्णन त्या फोटोत आलं नाही.

उद्घाटनाला मी शेवटच्या रांगेत होतो. टॉर्च घेऊन दाराशी बसणाऱ्या मावशींनी मला कोपऱ्यातली खुर्ची दिली. "तुमची लेक आज आडोशाआड लपलीय," त्या कानाशी म्हणाल्या. "नवी सून असल्यासारखी." एरवी ती दारात उभी राहून लोकांना आत घ्यायची. त्या दिवशी संचालकाने तिला लोक येण्याआधीच टेबलाशी नेऊन बसवलं होतं.

दिवे गेले. ती नेहमीसारखी थोडी थांबली. मग हळूच म्हणाली, "मंडळी, काही दिसत नसेल तर घाबरू नका. आकाशसुद्धा आधी काहीच दाखवत नाही." आणि एकेक करून चांदण्या उमटू लागल्या. ती इतकं छान बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटचंच म्हणून बोलत असावी.

दिवे लागले तेव्हा अध्यक्षांना उभं राहून टाळ्या वाजवल्याशिवाय राहवलं नाही.

"वा! याला म्हणतात आवाज! अगदी माणसासारखा!"

"हो, साहेब," संचालक म्हणाला.

"आपल्या त्या बाई होत्या ना, त्या जरा घाईत बोलायच्या. हे यंत्र बघा, श्वास कुठे घ्यावा हे कळतं त्याला."

संचालकाने तोंड उघडलं, अध्यक्षांकडे पाहिलं, टाळ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. आडोशामागे खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज झाला. तो बहुधा मलाच ऐकू आला.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, ती नोकरीबद्दल बोलेल. तिने चपला काढल्या, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी घाईत बोलते?"

"नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"काय?"

"मी घाईत बोलत नाही, हे!"

आठवड्याच्या आत तिला पत्र आलं. आवाजाची सोय समाधानकारकरीत्या कार्यान्वित झाल्यामुळे पद बंद, आजवरच्या सेवेबद्दल आभार. पुरवठादारानेही आपल्या परीने भर घातली. तुमच्याकडे आवाजाचं पॅकेज असल्याचं आमच्या नोंदीत दिसतं, म्हणून ते काम आम्ही थांबवलं आहे, असं त्याने कळवलं.

तिच्याशिवायच्या पहिल्या खेळाची हकिकत मावशींनी आम्हाला सांगितली. आकाश आलं, फिरू लागलं, पण शब्द फुटेना. थोड्या वेळाने एक गृहस्थ आपल्या बायकोला ध्रुवतारा दाखवू लागले. पुढच्या रांगेतला म्हणाला, तो ध्रुव नाहीच. त्यावरून दोघांची जुंपली. "अंधारात कोण कोणाला बोलतंय कळेना, आणि वर आकाश आपलं मुकाट फिरतंय," मावशी म्हणाल्या.

संचालक स्वतः घरी आला. जिने चढून त्याला धाप लागली होती, त्यामुळे पहिली काही वाक्यं मुलीलाच बोलावी लागली.

"आवाज नाही ना येत?"

त्याने मान हलवली.

"ह्यांनी तपासलं?"

"सगळं हिरवं आहे," जावई कोपऱ्यातून म्हणाला.

"मग खरं सांगून टाका अध्यक्षांना," मुलगी म्हणाली.

"बाई, त्यांनी सगळीकडे सांगितलंय. भाषणात सांगितलंय." त्याचा श्वास आता परत आला होता. "तुम्ही या. रोजच्या रोज नेमणूक देतो. काम 'आवाज पॅकेजची देखभाल' असं लिहू. फक्त कोणाला दिसायचं नाही, खोकायचं नाही, आणि मुलांनी मध्येच काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. यंत्राला शोभेल असं."

मला वाटलं, ती त्याला दाराबाहेर काढेल. ती हो म्हणाली. तो गेल्यावर मी तिला विचारलं, हे कशासाठी?

"तिथे बसायला तरी मिळेल, बाबा," ती म्हणाली. "घरी बसून कोणाला सांगू शनीची कडी? तुम्हाला?"

"मला चालेल," मी म्हणालो. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो विषय तिथेच राहिला.

तिने न खोकता काही दिवस काढले. मग एकदा, चंद्राच्या कला चालू असताना, एका लहान मुलाने मोठ्याने विचारलं, "उरलेला कोणी खाल्ला?" यंत्र गप्प. त्याने पुन्हा विचारलं. यंत्र गप्पच. तिसऱ्यांदा त्याचा आवाज रडवेला झाला, आणि घुमटभर ऐकू आलं, "कोणी नाही रे राजा. आहे तो सगळा. उजेड तेवढा अर्ध्यावर पडलाय."

मग कोणीतरी म्हणालं, "अरे, हे उत्तर देतं!"

झालं. लोक आकाशासाठी नाही, त्या यंत्रासाठी येऊ लागले. एका बाईंनी विचारलं, तिकडे माणसं असतील का? एकाने विचारलं, माझा चष्मा इथेच पडला, कुठे असेल? "खुर्चीखाली बघा," यंत्र म्हणालं. सापडला. संचालकाला आनंदही झाला आणि झोपही लागेना.

शेवटी अध्यक्ष पुन्हा आले, चार पाहुणे घेऊन. मीही गेलो होतो. खेळ अर्ध्यावर आला तेव्हा अध्यक्ष पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "काय हो यंत्रमहाशय, आधीच्या बाई बऱ्या की तुम्ही?"

घुमटात हशा पिकला.

"आधीच्या बाई बऱ्या होत्या," माझी मुलगी म्हणाली. "त्यांना रजा मिळायची."

आता पाहुणेही खदखदून हसले. "विनोदसुद्धा करतं!" अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, मी यंत्र नाही. मी तीच बाई आहे."

टाळ्याच पडल्या. "ऐकलंत?" अध्यक्ष पाहुण्यांना सांगत होते. "स्वतःला माणूस समजतं!"

तेव्हा तिने दिवा लावला आणि उभी राहिली. आडोशाच्या वर तिचा चेहरा दिसला, खालून उजेड पडल्यामुळे जरा भीतिदायकच.

"त्या कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"देखभाल, साहेब," संचालक म्हणाला. त्याचा आवाज फार बारीक झाला होता.

"अहो बाई, दिवा घालवा तो. आणि यंत्राला बोलू द्या, मध्ये येऊ नका."

तिने दिवा घालवला. अंधारात चाचपडत मागे आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिने माझा हात धरला.

वर आकाश फिरत राहिलं. एक तांबूस ग्रह उगवला, घुमटाच्या मध्यावर आला आणि पलीकडे कलला. कोणी काही बोलेना. मग कोणीतरी घसा खाकरला, आणि सगळे त्या दिशेने वळल्याचा खुर्च्यांचा आवाज झाला.

"थांबलं का हे?" अध्यक्ष म्हणाले. "तंत्रज्ञ कुठे आहे? तपासा."

"तपासलं, साहेब," जावयाचा आवाज आला. "सगळं हजर आहे."

"मग बोलत का नाही?"

"तपासणी ते विचारत नाही, साहेब."

दाराकडून मावशी म्हणाल्या, "जिला गप्प बसवलंत, तिलाच हाक मारा की! काखेत कळसा अन् गावाला वळसा." अंधार होता म्हणून त्या इतकं बोलल्या असाव्यात.

मग अध्यक्षांनी मान मागे वळवल्यासारखं वाटलं. "बाई," ते म्हणाले, "तुम्हाला येतं का हो हे बोलायला?"

मुलीने माझा हात सोडला. "येतं. पण ते निवेदिकेचं काम आहे, साहेब. मी देखभालीला आहे."

"मग निवेदिका म्हणून बोला."

"ते पद तुम्ही बंद केलंत."

"उघडलं! उघडलं, म्हटलं ना! सगळ्यांसमोर सांगतो. बोला आता, पाहुणे बसलेत."

"लेखी मिळेल?"

"मिळेल हो!"

ती उठली. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत टेबलापर्यंत गेली. माइकपाशी जाऊन तिने आधी खोकून घेतलं, चांगलं दोनदा. मग आकाश जिथे पोचलं होतं तिथून पुढे सुरुवात केली.

लेखी मिळालं. 'आवाजाच्या पॅकेजमध्ये अचानक बिघाड झाल्यामुळे, त्याची दुरुस्ती होईपर्यंत निवेदिकेचं पद पूर्ववत सुरू ठेवण्यात येत आहे.' दुरुस्तीची जबाबदारी अर्थात तंत्रज्ञावर, आणि तिची प्रगती दर महिन्याला मंडळाला कळवायची. पॅकेज पहिल्यापासून रिकामंच होतं, असं जावयाने पहिल्या अहवालात खरोखर लिहिलं होतं. संचालकाने तो कागद अदबीने परत केला. म्हणाला, तसं असतं तर उद्घाटनाला कोण बोललं, असं विचारतील.

तेव्हापासून जावई महिन्याला एक ओळ पाठवतो. 'तपासणी केली. सर्व पॅकेजं हजर आहेत. यंत्र बोलत नाही.' यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून त्याला झोप लागते. मुलगी मात्र तो अहवाल पाठवण्याआधी वाचून घेते.

"फार जीव तोडून दुरुस्ती करू नका हं," ती म्हणते.

"करतोय कुठे?"

"मग 'प्रयत्न चालू आहेत' एवढं तरी लिहा. बरं दिसतं."

"ते खोटं होईल," तो म्हणतो, आणि कागद पाकिटात घालतो.